बंद गठ्ठ्याचा धंदा

जुने कपडे विकण्यात लाज वाटावी असं काहीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तासगावात हा विषय काढला की निम्मे लोक नाक मुरडतात आणि उरलेले निम्मे मोबाईलवर रील दाखवतात. नाक मुरडणाऱ्यांसाठी माझं उत्तर छोटं आहे. तुमच्या आजीनं फाटक्या लुगड्यांचे धड भाग जोडून, दंड घालून लुगडं नेसलंय. तेही विरल्यावर त्याची वाकळ शिवली आणि त्या वाकळेत तुम्ही लहानाचे मोठे झालात. तेव्हा जुनेराला नावं ठेवू नका.

माझं भांडण रील दाखवणाऱ्यांशी आहे.

रील तुम्हीही पाहिलं असेल. जुने कपडे किलोवर घ्या, कंटेनर भरा, आफ्रिकेला पाठवा, लाखो कमवा. मी हिशेब लिहितो, लोकांची जीएसटीची रिटर्न भरतो, त्यामुळे धंद्याचं वारं डोक्यात शिरलेली पोरं आधी माझ्याकडे येतात. यावेळची तिघं बेदाण्याचे पैसे घेऊन आली होती. पैसे अर्थातच बापाचे. तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतून कपडे गोळा करायचे, मुंबईचा एक एजंट ते दाबून गठ्ठे बांधणार, माल घानाला जाणार. मी विचारलं, गठ्ठ्यात काय असणार? म्हणाले, मिक्स. मग घेणारा माल बघणार कसा?

"बघतच नाहीत दादा. तिकडं बंद गठ्ठाच विकतात. तेच तर भारी आहे!"

हा सगळा लेख त्या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे.

ही पोरं कुठल्या गावची आहेत बघा. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात खोकं फोडल्याशिवाय बोली लागत नाही. व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेतो, रंग बघतो, दाबून बघतो, तोंडात टाकतो आणि मग भाव बोलतो. त्यात सांडलवंड होते, त्यावरून शेतकऱ्यांची ओरड असते, ती रास्तच आहे. पण माल न बघता पैसे मोजा, असं कुणी त्या व्यापाऱ्याला म्हणून दाखवावं. या पोरांच्या बापांनी आयुष्यभर उघड्या खोक्यावर माल विकला आणि पोरांना झाकलेल्या मालाचं कौतुक.

आता दुसरं टोक बघू. घानाची राजधानी आक्रा. तिथला कांतामांतो हा जगातल्या सगळ्यात मोठ्या जुन्या कपड्यांच्या बाजारांपैकी एक. आठवड्याला दीड कोटी नग तिथं येतात, असा 'द ऑर फाउंडेशन' या संस्थेचा अंदाज आहे. साधारण ५५ किलोचा एक गठ्ठा. तो डोक्यावर वाहून नेणाऱ्या बाया-पोरी बहुतेक देशाच्या उत्तर भागातून पोटासाठी आलेल्या, त्यांना कायायेई म्हणतात. गठ्ठा विकत घेणारी बाई अनेकदा कर्ज काढून तो घेते आणि पैसे दिल्यावरच पट्ट्या कापते. आत चांगले शर्ट निघाले तर आठवडा निभावला. डागाळलेलं, बटणं तुटलेलं, जाड थंडीचं निघालं तर तोटा तिचा एकटीचा. विकणारा तोवर दुसऱ्या कंटेनरच्या कागदपत्रांत गुंतलेला असतो. यातलं किती वाया जातं यावर तिथं भांडण आहे. ऑर फाउंडेशन ४० टक्के सांगते, तिथल्या व्यापाऱ्यांची संघटना हा आकडा पाचाच्या आसपास असल्याचं म्हणते. खरं काहीही धरा, गठ्ठा बंद असतो यावर दोघांचं एकमत आहे. २०२५च्या जानेवारीत, वर्ष सुरू होताहोताच, या बाजाराचा मोठा भाग जळाला. कर्ज मात्र जळत नाही.

तिथं या कपड्यांना जुनं नाव आहे, 'ओब्रोनी वावू'. मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, असं वाटायचं म्हणून. पूर्व आफ्रिकेत 'मितुंबा' म्हणतात, म्हणजे गठ्ठेच. झांबियात 'सलाउला', ढीग उपसून निवडणं. हा शेवटचा शब्द मला आवडतो, कारण निवडणं हेच या धंद्याचं खरं काम आहे. आणि नेमकं तेच आपल्या पोरांना नकोय.

मिक्स म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. सांगली, पलूस, वाळवा, शिरोळ पाण्यात. महाराष्ट्रभरातून ट्रक आले आणि त्यात जुन्या कपड्यांचे ढीग. त्या दिवसांत मीही कपडे निवडायला बसलो होतो. हूक नसलेले ब्लाउज, एका पायाचे मोजे, नाडी नसलेले परकर, कुणाच्या तरी लग्नातली जरीची शेरवानी. निम्म्याहून जास्त ढीग बाजूला सारावा लागला. शेवटी जुने कपडे पाठवू नका, असे मेसेज फिरवावे लागले. पाठवणारे वाईट नव्हते. त्यांनी फक्त बघितलं नव्हतं. पण आपल्याला तो माल फुकट आला होता, म्हणून नको म्हणता आलं. कांतामांतोतल्या बाईनं पैसे मोजलेले असतात.

गावोगावच्या 'माणुसकीच्या भिंती'खाली पावसात भिजणारे ढीग बघा, तोच प्रकार. आधी दान म्हणून टाकायचं, मग त्याच ढिगाला एक्स्पोर्ट म्हणायचं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: कांडल्यात तर भारतीय लोक हाच धंदा करतात की. करतात, आणि तो नीट बघावा. कच्छमधलं कांडला १९६५ साली आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र म्हणून सुरू झालं. तिथं अमेरिका-युरोपातून जुने कपडे येतात आणि बायका टेबलाशी उभ्या राहून ते एकेक नग निवडतात. सुती टी-शर्ट वेगळे, लहान मुलांचे वेगळे, पहिल्या प्रतीचे वेगळे. मग माल आफ्रिकेला जातो, आणि जे लोकरीचं फाटकं उरतं ते पानिपतला सूत काढायला. तिथल्या मजुरीबद्दल मला गोडवे गायचे नाहीत. पण त्या धंद्यातला नफा त्या टेबलावर तयार होतो, किलोच्या काट्यावर नाही. माझ्याकडे आलेल्या पोरांच्या कागदावर निवडीच्या मजुरीची ओळच नव्हती.

शिवाय आपल्या गल्लीतून निघणार काय? साड्या, ब्लाउज, पंजाबी ड्रेसचे संच, शाळेचे गणवेश, टेरिकॉटच्या पँटी. आक्र्यात साडी कोण नेसणार? भांडीवाल्या बाईला हे केव्हाच कळलंय. ती दारात साडी उलगडून उजेडात धरते, काठ बघते, विरलेली जागा शोधते आणि मगच स्टीलचा डबा पुढं करते. तीन साड्या मागते, आपण दोनवर अडतो. दिल्लीच्या रघुबीरनगरच्या बाजारात असाच देवघेवीतून जमलेला माल पहाटे अंधारातच विकायला येतो. तोही एकेक नग उलगडून, विजेरीच्या उजेडात. तिच्या हातातलं हे कसब बाजूला ठेवून आपण मुंबईच्या एजंटला कमिशन द्यायला निघालोय. जुन्या साडीला परदेशात गिऱ्हाईक आहेच, पण ते शिवलेल्या गोधडीला, घागऱ्याला, उशीच्या अभ्र्याला. तिथं विकणारी बाजारपेठ वेगळी, हिशेब वेगळा आणि कामाला आपल्याच आया-मावश्या.

बाजार बंद होतो म्हणजे काय, हेही द्राक्षवाल्यांच्या पोरांना सांगायला लागू नये. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचा अंश सापडला म्हणून महाराष्ट्राच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. आज निर्यातीच्या पेटीवरच्या नंबरावरून माल कुठल्या प्लॉटातला आहे ते शोधता येतं. कपड्यांच्या गठ्ठ्यावर असा नंबर नाही. आणि दरवाजे तिकडेही बंद होतात. रवांडानं २०१६मध्ये जुन्या कपड्यांवरचं शुल्क किलोला ०.२० डॉलरवरून २.५० डॉलर केलं. अमेरिकेनं त्याची शिक्षा म्हणून २०१८मध्ये रवांडाच्या कपड्यांची करमुक्त सवलत काढून घेतली, तरी रवांडा हटला नाही. नायजेरियात आयातीला बंदी आहे. युरोपीय संघात २०२५पासून जुने कापड वेगळं गोळा करणं सक्तीचं झालंय, म्हणजे तिकडचा माल आणखी वाढणार. या गर्दीत तासगावचा न निवडलेला गठ्ठा घेऊन उतरायचं?

बंदी घाला असं मी म्हणत नाही. नैरोबीच्या गिकोम्बात आणि कांतामांतोत हजारो लोकांची चूल या कपड्यांवर पेटते. उसवलेलं शिवणारे, रंगवणारे, इस्त्री करणारे तिथं आहेत, आणि बंदीला पहिला विरोध त्यांचाच असतो. त्यांना माल हवाय. कचरा नकोय.

मी पोरांना एकच काम दिलं. शंभर किलो गोळा करा, सगळं निवडा, प्रत्येक गठ्ठ्यावर आतल्या नगांची यादी चिकटवा, उघड्या मालाचा व्हिडिओ करा, आणि अशा गठ्ठ्याला जास्तीचा दर किती देणार ते एजंटला विचारा. त्यांनी केलं. पहिल्या शंभर किलोतून पाठवण्यासारखं तेवीस किलो निघालं. एजंटचा दोन दिवसांनी मेसेज आला: यादी नको, टोटल वजन सांगा.

बेदाण्याचे पैसे अजून पतसंस्थेतच आहेत. त्यातल्या एकाची आई उरलेल्या सत्त्याहत्तर किलोतल्या सुती साड्या वेगळ्या काढून बसलीय.