सापत्न घरातील मुलीचा संताप

'सापत्न वागणूक' हा शब्दप्रयोग मराठी राजकारणाला फार प्रिय आहे. केंद्र महाराष्ट्राला आणि मुंबई कोकणाला सापत्न वागणूक देते, ही तक्रार विधिमंडळात आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत इतक्या वेळा झाली आहे की, शब्दाचे मूळ कोणाला आठवू नये. सपत्नी म्हणजे सवत; सवतीच्या मुलाला घरात मिळणारी वागणूक ती सापत्न. रखडलेल्या महामार्गासाठी हा शब्द तत्परतेने वापरला जातो. ज्या घरातून तो आला त्या घरात आज चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कशी राहते, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. ती दार आपटते, उलट उत्तर देते, दोन-दोन दिवस अबोला धरते, एवढेच शेजाऱ्यांना दिसते आणि त्यावरून तिच्याविषयीचा निकालही होऊन जातो.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मोडलेली आणि पुन्हा जोडलेली घरे नवीन नाहीत. घाटाच्या पायथ्याची ही गावे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या पगारावर जगत आली. बाप मुंबईत, आई शेतावर आणि मुले आजीपाशी, ही घराची घडीच होती. आई वारली की बाप दुसरे लग्न करी. मुलगी काही वर्षे आजीकडे वाढे आणि कामाला येईल एवढी झाली की, सावत्र भावंडांना सांभाळण्यासाठी तिला मुंबईला बोलावणे येई. बाप गेला तर विधवेचा पाट लावण्याची रूढी अनेक जातींत होती. अशा वेळी मुलगा वडिलांच्या भावकीत राही आणि मुलगी आईबरोबर परक्या घरी जाई किंवा आजोळी राही. अलीकडच्या वर्षांत आपत्तींनीही या प्रदेशातील घरे फोडली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरील पूल वाहनांसह वाहून गेला. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून 16 जण दगावले. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गाडली गेली आणि पोलादपूर तालुक्यातही त्याच पावसाने बळी घेतले. अशा प्रसंगी मंत्री येतात, मदत जाहीर होते, पुनर्वसनाच्या घरांची मोजदाद होते. मागे राहिलेले आई किंवा बाप पुढे दुसरा संसार मांडतात, आणि त्यात गैर काहीच नाही. त्या संसारात पहिल्या घरचे मूल कसे रुजेल, हा प्रश्न मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

मारहाण झाली तर वळ दिसतो. परंतु सापत्न घरातील छळ बहुधा वळ न उठवणारा असतो. मृत आईची तसबीर भिंतीवरून निघून माळ्यावर जाते. 'आईच्या वळणावर गेली' हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकवले जाते. धाकट्या भावंडांना दुधाचा पेला मिळतो. मोठीला तो मिळत नाही असे नव्हे, तो मागावा लागतो. 'तुला पोसतो आहोत' हे उघड म्हटले जात नाही, पण वह्या-पुस्तकांच्या खर्चाचा उल्लेख पाहुण्यांसमोर होतो. यांतील एकेक गोष्ट वेगळी काढून कोणा वडीलधाऱ्यापुढे ठेवली तर ती हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. रोजच्या रोज वर्षानुवर्षे हेच ऐकणाऱ्या मुलीला मात्र त्यांचा एकच अर्थ कळतो: या घरात आपली जागा उपकाराची आहे.

येथे सावत्र आईला किंवा सावत्र बापाला राक्षस ठरवणे सोपे आहे. लोककथांनी ते काम केव्हाच केले आहे. वास्तव इतके सरळ नाही. बिजवराला दिलेली मुलगी अनेकदा स्वतःच गरिबीमुळे तडजोड केलेली, वयाने सावत्र लेकीपेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठी असते. ती रागावली तर 'सावत्र ती सावत्रच', न रागावली तर 'मुलीकडे लक्ष नाही', असे दोन्ही बाजूंनी तिला बोल लागतात. कीर्तनातून घरोघर पोहोचलेल्या ध्रुवाच्या आख्यानात सुरुचीचे कठोर शब्द सर्वांच्या लक्षात राहिले. पण मूल मांडीवरून उतरवले जात असताना राजा उत्तानपाद गप्प बसला होता, याकडे श्रोत्यांचे लक्ष कमी जाते. सापत्न घरातील खरा दोष पुष्कळदा या गप्प बसण्यात असतो. रक्ताच्या नात्याचे जे एक माणूस मुलीला त्या घरात उरलेले असते, तेच घरातील शांततेसाठी तिच्या बाजूने बोलत नाही. मग तिचा संताप सावत्र आईवर जेवढा दिसतो त्याहून बापावर अधिक असतो. सावत्र बापाच्या घरी तो आईवर असतो. उघड तो तिथे काढता येत नाही, म्हणून भांड्यांवर आणि धाकट्या भावंडांवर निघतो.

ज्या महाडात 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्या महाडाला तरी अशा संतापाची ओळख असावयास हवी. डॉ. आंबेडकर पाच-सहा वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला. आईच्या जागी आलेल्या स्त्रीविषयी, विशेषतः तिने आईचे दागिने अंगावर घालण्याविषयी, बालवयातील भीमरावांना किती चीड होती, हे धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात आले आहे. वडिलांवर अवलंबून राहावयाचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करावयाचे, असेही त्या मुलाने मनाशी ठरवले होते. तो बेत फसला आणि तो जोर अभ्यासाकडे वळला. ही कथा मनोनिग्रहाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यातील दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्या मुलाला जीव लावणारी मीराबाई ही आत्या घरात होती, आणि स्वतः ओढगस्तीत असूनही मुलाच्या पुस्तकांसाठी धडपडणारा बाप होता. रागावलेल्या मुलाला घराबाहेर पडण्याची वाट होती आणि घरात त्याला ओळखणारे माणूसही होते.

ध्रुवालाही वन होते. पोलादपूरच्या खोऱ्यातील मुलीला ते नाही. ती रागाने घर सोडून महाडच्या एसटी स्थानकावर बसली तर तासाभरात गावभर तिच्या चारित्र्याची चर्चा होईल. मुलाच्या रागाला 'स्वाभिमानी' म्हणणारे गाव तिच्या रागाला 'उद्धट' म्हणते, आणि उद्धटपणावरचा जुना तोडगा म्हणजे तिला लवकर उजवून टाकणे. अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहिली तर ती कायद्याची कृपा समजावयाची. किशोरवयातील खिन्नता अनेकदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने प्रकट होते, हे मानसोपचारशास्त्राने मान्य केले आहे. ज्या वागण्यावर घर आणि शाळा शिक्षा देतात, तेच आजाराचे लक्षण असू शकते.

कायद्याने या नात्याचा विचार केला आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक ठरवताना 'आई' आणि 'बाप' या शब्दांतून सावत्र आई-बाप स्पष्टपणे वगळले आहेत. त्याच वर्षीच्या दत्तक व निर्वाह अधिनियमात मात्र निपुत्रिक सावत्र आईला पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकली आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी झालेल्या 2007 च्या कायद्यात सावत्र आई-बापांचा समावेश 'पालक' या शब्दात होतो. म्हातारपणी मुलीने त्यांना सांभाळावे हे कायद्याला सुचले. तिच्या लहानपणाचे काय, याबाबत तेवढी स्पष्टता नव्हती. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने हिणवणे, अपमान करणे, टोचून बोलणे यांना छळ म्हटले आणि 'मूल' या शब्दात सावत्र मूलही धरले. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे 75 वे कलम आणखी पुढे जाते. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याचे नाते ते विचारत नाही. त्याच्या वागण्याने मुलाला नाहक शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असेल तर तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करते. परंतु फौजदारी खटला हा या दुखण्यावर क्वचितच उतारा ठरतो. पोलिसांत गेलेली मुलगी संध्याकाळी परत त्याच घरी येणार असते.

कागदपत्रे हाताळणाऱ्या कारकुनालाही या घरातील ताण रोज दिसतो. शाळेच्या दाखल्यावर मृत बापाचे नाव, शिधापत्रिकेवर सावत्र बापाचे, आईचे आडनाव तिसरेच. शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणाचे उत्पन्न धरावे, यावर खिडकीशी सर्वांसमोर प्रश्नोत्तरे होतात. आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने मुलाच्या कागदपत्रांत आईच्या दुसऱ्या पतीचा 'सावत्र बाप' असा उल्लेख करण्याचा आदेश दिला होता. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. असा आदेश जवळजवळ क्रूर असून मुलाच्या मानसिक स्वास्थ्याचा आणि स्वाभिमानाचा त्यात विचार झालेला नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले, त्याचाही पुढे उपयोग होईल. आज दहावीत बसलेल्या मुलीला तो नाही. तिच्यासाठी खिडकीवरचा प्रश्न हलक्या आवाजात विचारला गेला तरी पुष्कळ.

शाळेचे काम याहून मोठे आहे. प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती असावी, असा शासनाचा 2022 चा आदेश आहे. तक्रारपेट्याही आहेत, पण चाळीस मुलांच्या शाळेत प्रत्येकाचे अक्षर गुरुजींना आणि मुलांना ओळखू येते, आणि पेटीत चिठ्ठी टाकणारी मुलगी ते जाणून असते. 1098 हा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो. घरातला एकमेव फोन ज्याच्या खिशात आहे त्याच्याविषयीच तक्रार असेल तर तो फिरवावयाचा कोणाच्या फोनवरून? म्हणून उत्तरपत्रिका कोरी ठेवणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभे करण्याआधी शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसवून घेणारी बाई किंवा गुरुजी, आणि त्यांनी मुलीला कमीपणा न आणता बापाला एकट्याला बोलावून घेणे, याला पर्याय नाही. एवढ्याने भागले नाही तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे मुलीला नेण्याचा अधिकार कायद्याने लोकसेवकाला, समाजसेवकाला, कोणाही जबाबदार नागरिकाला आणि खुद्द मुलीलाही दिला आहे. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, असेही कायदा सांगतो. जिल्ह्याचे ठाणे अलिबागला. पोलादपूरहून तेथे जाऊन यावयाचे तर एक शाळेचा दिवस, एक मजुरीचा दिवस आणि घरी सांगण्याजोगे एक कारण लागते. त्या वीसांपैकी दोन दिवस समिती महाडला बसली, तर निदान हे कारण शोधण्याची वेळ मुलीवर येणार नाही.