"ऊन तर सगळ्यांनाच लागतंय की!"

पारा 40 च्या पुढे गेला की दीर्घ थकव्याच्या रुग्णाला हेच ऐकवलं जातं. अहो, हा आळस नव्हे. डॉक्टरी भाषेत एमई-सीएफएस. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 सालीच मज्जासंस्थेच्या आजारांत धरलाय. उकाड्यात रक्तवाहिन्या सैलावतात, उभं राहिलं की गरगरतं.

त्यात आपलं शहर! जायकवाडी उशाला, कोरड घशाला. वर्षानुवर्षं कित्येक वसाहतींत नळ आठ-आठ दिवसांनी, तोही अवेळी. रात्री उठून ड्रम भरले की हा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार आडवा. सवलत मागावी तर 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजारच नाही. दिल्ली बदलेल तेव्हा बदलेल. महापालिकेने निदान पाण्याची वेळ दिवसाची ठरवावी, आणि पाळावी.