पानाचा पिवळेपणा आणि मोबाईलचा निवाडा



ऊस पिवळा दिसला की हल्ली मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो सांगेल ते खत आणायचं, अशी रीत पडत चालली आहे. माझं स्पष्ट मत आहे की, नुसत्या फोटोवर खताचा पैसा घालू नये.

आषाढात लोणावळ्याकडून मावळात ढग उतरले की उजेड निळसर होतो. उन्हं कलताना तोच फड पिवळा दिसतो. शिवाय कॅमेरा आपल्या मनानं रंग बदलतो तो वेगळाच. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पानांच्या 54,306 फोटोंच्या संचावर संगणकाची अचूकता 99 टक्क्यांवर गेली. वेगळ्या परिस्थितीतले फोटो दाखवताच ती सुमारे 31 टक्क्यांवर आली. त्यातल्या 14 पिकांत ऊस तर नव्हताच!

पिवळं किती यापेक्षा पिवळं कुठं, हे बघावं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी; कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर लोह. पान उलटून मधली शीर पिवळी दिसली तर विषाणू रोगाचा संशय घ्यावा, तिथं खत काय करणार? आणि भातखाचराच्या जमिनीत पाणी तुंबलं असेल तर आधी चर काढा.

फोटो जरूर काढा, पण पानाशेजारी कोरा पांढरा कागद धरा, आणि वरचं-खालचं अशी दोन्ही पानं गट ऑफिसात घेऊन या.