आता कुणाला दाखवायचेत दात?



“लगीन होऊन वीस वर्षं झाली की गं. आता दात सरळ करून कुणाला दाखवायचेत?” मी दातांना तार लावणार म्हटल्यावर सासूबाईंचा हा पहिला प्रश्न. मी तेव्हा 43 वर्षांची.

खरं सांगायचं तर मी दिसण्यासाठी गेलेच नव्हते. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. तरुणपणी थोडेच होते, वयाबरोबर दाटी वाढली. मला वाटायचं, अक्कलदाढेनं ढकललं असेल. डॉक्टर म्हणाले, तसं नाही, वय वाढतं तशी खालच्या दातांची गर्दी बहुतेकांची थोडीफार वाढतेच. माझी अडचण वेगळी होती. त्या फटीत ब्रश पोचत नव्हता, कीटण साचायचं आणि सकाळी चूळ भरली की रक्त दिसायचं. आमच्या आईचे दात असेच हलून पडले होते. ती भीती मला खुर्चीपर्यंत घेऊन गेली.

डॉक्टरांनी तार लगेच लावली नाही. आधी एक्स-रे, मग दातांची सफाई आणि हिरड्यांचे उपचार. “वय आडवं येत नाही, हिरडी आडवी येते,” हे त्यांचं वाक्य मी लक्षात ठेवलंय. सुजलेल्या हिरडीत दात सरकवले तर हाड आणखी झिजतं. म्हणूनच मधुमेह असेल, हाडांच्या ठिसूळपणावर औषध चालू असेल, तर ते आधी सांगायचं. आणि आपल्या निपाणी भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, तंबाखूची सवय असेल तर ती आधी सोडायची.

दात सरकतो कसा? तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढाच वेग. मी म्हटलं, जरा जोरात ओढा की, लवकर उरकेल. ते हसले. घरी आल्यावर मागावर बसणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “ताणा फार ओढला की धागा तुटतो, तसंच हे.” अगदी तसंच. जोर जास्त झाला तर दाताच्या मुळाला इजा होऊ शकते.

मोठ्या वयात एक फरक असतो. जबड्याची वाढ संपलेली असते. त्यामुळे दात सरळ होतात, पण जबडाच फार पुढे-मागे असेल तर काही वेळा शस्त्रक्रियेची गरज पडते. माझं तेवढं नव्हतं.

वीस महिने लागले. दर खेपेला तार आवळली की तीन दिवस आमटीत कुस्करलेली भाकरी. गालाला टोचलं की तारेवर मेण. गोकाकचं करदंट बंद, कुंदा चालू! खासबागच्या रविवारच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की मी तोंड मिटून हसायची. चौथ्या महिन्यात तेही सोडून दिलं.

खर्चाची काळजी असेल तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी खर्च खासगीपेक्षा बहुधा कमी येतो, फक्त वेळ हाताशी ठेवावा लागतो. तार दिसायला नको असेल तर पारदर्शक साचे मिळतात, पण ते दिवसातले 20 ते 22 तास घालावे लागतात.

आता माझी चूक सांगते. तार काढल्यावर रात्री घालायला रिटेनर दिला होता. लग्नसराईत दोन महिने तो डबीतच राहिला. पुन्हा घालायला गेले तर बसेना. एक दात वळला होता! परत फेऱ्या, परत पैसे. दातांना जुनी जागा आठवत असते. तार दोन वर्षांची, रिटेनर मात्र कायमचा.

आता चूळ भरताना रक्त येत नाही. सासूबाईंनी परवा हळूच विचारलं, “माझी हिरडी दाखवायची का गं एकदा?”

येत्या सोमवारी दोघी जाणार आहोत.