जर-तरचा जमाखर्च

'इतिहासात जर-तरला अर्थ नसतो' हे वाक्य ज्यांच्या तोंडी सर्वांत जास्त, तीच आपली ज्येष्ठ मंडळी चहाचा दुसरा कप येईपर्यंत पानिपतावर पोचलेली असतात. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर! भाऊसाहेब अंबारीतून उतरले नसते तर! मल्हाररावांनी मैदान सोडले नसते तर! (हा तिसरा 'जर' इंदुरात जरा हळू आवाजात म्हणतात.)

जर-तर करूच नये, असे मी म्हणत नाही. उलट भरपूर करावे. पण ते कसे करावे हे जयंत नारळीकरांकडून शिकावे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा आपल्याकडेही श्रद्धांजल्या झाल्या. कोल्हापुरात जन्मलेला, वाराणसीत वाढलेला हा माणूस, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या घरातलाच. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा कितीजणांनी वाचली आहे? तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले, त्यामुळे आपल्या मुलांनी ती परीक्षेपुरती तरी वाचली असेल. वडीलधाऱ्यांचे सांगता येत नाही.

कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका वेगळ्याच जगात जाऊन पडतात. तिथे गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. बदल एवढा एकच, बाकीचे सारे त्यातून ओघाने येते. गंमत अशी, की त्या विजयी जगातही मुंबई इंग्रजांकडेच आहे. इंग्रजी रूपात तर १९०८ च्या तहाने २००१ पर्यंत भाडेपट्ट्याने दिलेली. जिंकलेल्यांनाही व्यवहार सुटला नाही! आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच पंत सवयीने जाऊन बसतात आणि श्रोते त्यांना पळवून लावतात, कारण त्या जगात अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत निघालेली आहे. आपल्या पदाधिकाऱ्यांनी निदान एवढा भाग तरी वाचावा.

अशा कथांची ओढ लागते ती यासाठी. आज आहे तसेच सगळे व्हायचे होते, असे नाही, हे त्या दाखवून देतात. ते कोणत्या वळणावर ठरले, कोणी ठरवले, हे विचारायची सोय होते.

आणि आपण त्या ओढीचे काय करतो? गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत 'पानिपत जिंकले असते तर' हा विषय पुन्हा पुन्हा ठेवतो आणि प्रत्येक मूल लंडनवर भगवा फडकवून टाळ्या घेते. मी वाणिज्य शाखेचा. एका बाजूला नोंद केली की दुसऱ्या बाजूला करावीच लागते, हे मला पहिल्या वर्षी शिकवले. इथे सगळी जमाच जमा, नावे काहीच नाही. असा ताळेबंद कोणता लेखापरीक्षक पास करील? शिवाय पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ साली, महादजींच्या फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, ही नोंद तर मुळातूनच गाळलेली.

आपल्या घरची नोंद बघा. २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज महिदपूरला हरली. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी राजधानी भानपुऱ्याहून इंदुरास आली. महिदपूर जिंकले असते तर? होळकरांचे राज्य मोठे राहिले असते, पण राजधानी इथे आलीच असती असे नाही. मग राजधानीमागून आलेली कारकून, वकील, पुराणिक, मास्तर मंडळी कुठे गेली असती? आपल्यातली कितीतरी घरे त्या पराभवाच्या पोटी इंदुरात वसली आहेत.

आता १९५६ वर येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही त्या राज्याची राजभाषा होती. आपण होतो शेजारच्या मध्य भारतात. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. झाले ते तिसरेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात आला आणि राजधानी भोपाळला गेली. आपण आत शिरलो आणि त्याच दाराने मराठी बाहेर पडली.

समजा, ते आठ जिल्हे इकडेच राहिले असते. मराठी राजभाषा टिकली असती, मराठी शाळेसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नसते. पण १ मे १९६० चा महाराष्ट्र विदर्भाविना झाला असता आणि नागपूरकरांना हे रुचले असते का, हे त्यांनाच विचारावे. आपला नफा तो त्यांचा तोटा. असे जर-तर मांडायला घाम फुटतो, कारण त्यात अब्दाली नाही, सगळी आपलीच माणसे आहेत. म्हणून स्पर्धेत हा विषय येत नाही.

त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते राज्याला सांगते. पानिपतावर पाऊण तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी या कलमाचा आधार घेऊन एक साधा अर्ज दिला? पानिपत सोयीचे पडते ते इथे. तो दोष विश्वासरावांना लागलेल्या गोळीचा, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

कार्यकारिणीस विनंती, यंदा विषय बदला. मोठ्या गटाला 'विदर्भ मध्य प्रदेशात राहिला असता तर', लहान गटाला 'महिदपूर जिंकले असते तर'. अट एकच, फायदा कोणाचा आणि नुकसान कोणाचे हे दोन्ही सांगायचे. जो फक्त एक बाजू सांगेल त्याचे निम्मे गुण कापा. परीक्षक मिळत नसेल तर रविवारी मी मोकळा असतो.