ग्रंथपाल गेला, दार उघडेच राहिले

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथल्या ग्रंथालयात रमले, हे आपल्या घरातल्या लेकरांनाही पाठ आहे. पण ते ग्रंथालय तसे घडले कसे?

१८८३ साली तिथे मेलविल ड्यूई ग्रंथपाल म्हणून आले. दिवसातून थोडाच वेळ उघडणारे ग्रंथालय त्यांनी रात्रीपर्यंत चालू ठेवले, विखुरलेली पुस्तके एका जागी आणली. १८८७ साली ग्रंथपाल घडविणारी शाळा काढली आणि विश्वस्तांचा विरोध पत्करून तीत बायकांना घेतले. वर्गाला खोली देईनात, तर अडगळीची खोली साफ करून घेतली! अखेर बिनसलेच. १८८८ च्या शेवटी ड्यूई गेले, पाठोपाठ शाळाही ऑल्बनीला गेली. ग्रंथालय मात्र मागे हटले नाही. १८९७ साली ते लो लायब्ररीच्या नव्या इमारतीत आले. बाबासाहेबांच्या काळी मुख्य ग्रंथालय तेच.

ड्यूईंना आम्ही देव करीत नाही. त्यांच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यू माणसाला प्रवेश नव्हता. ज्यूंनी तक्रार केली, तेव्हा १९०५ साली त्यांना राज्य ग्रंथपालपदाचा राजीनामा द्यावा लागला. एकाला दार उघडायचे, दुसऱ्याला लावायचे, ही रीत आपल्या ओळखीची! २०१९ साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले.