हसावे कोणाला?

देवळालीच्या छावणीत फौजेची करमणूक करणारे गोऱ्या शिपायांचे नाटकपथक, हा बी.बी.सी.च्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४-८१) या विनोदी मालिकेचा विषय. सहलेखक जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशा पथकात होते. गुरकावणाऱ्या सार्जंट-मेजरची त्यांनी उडविलेली रेवडी आम्हांसही रुचते. परंतु स्वतःला साहेबांतलाच समजणारा हिंदी नोकर रंगी राम, चेहरा रंगवून, मायकेल बेट्स हा गोरा नट वठवितो, तेव्हा हसण्याचा रोख सत्तेवरून गुलामाकडे वळतो.

मालिकेतील काळ १९४५ चा. त्याच वर्षी, नाशिकला लागून असलेल्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, २३ मे रोजी झरी येथे वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व त्यांचे साथी हुतात्मे झाले. साम्राज्याच्या करमणुकीत या माणसांना जागा कोठून असणार? ती आपणच द्यावयास हवी. चिंचणीपासून तलासरीपर्यंतच्या नाट्यमंडळांनी १९४५ रंगमंचावर आणावे. त्यात विनोद जरूर असावा. मात्र हसे व्हावे ते सावकाराचे, वेठ्याचे नव्हे!